उतारावरच्या डाव्या वळणात पुढचं चाक निसटतं. दोष फोर्कचा की माझा?

उशिरा_पेडल

नमस्कार मंडळी. लगेच मुद्द्यावर येतो, कारण कोपरावरची खपली अजून ओली आहे आणि टाइप करताना ताणते.

नऊ वर्षं मी डांबरावरची सायकल चालवली. बारीक टायर, ९० पीएसआय हवा, पाठ वाकवून तासन्‌तास. यंदा एक वापरलेली एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, घेतली. हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही. २९ इंची चाकं, पुढे १२० मिमी दबणारा एअर फोर्क (पुढचं चाक धरणारा, हवेवर दबणारा दुपायी दांडा), २.३५ इंच रुंद टायर, आत साध्या ट्यूब. माझं वजन ७८ किलो. हेल्मेट, पाठीवरची पिशवी, पाणी, हत्यारं धरून ८२.

घराजवळच्या टेकडीवर एक पायवाट आहे. वर झाडी आणि मुळं, मधे पन्नासेक मीटर नुसते दगड, आणि दगड संपले की लगेच डावं वळण, त्यावर सुटी खडी पसरलेली. त्या वळणात पुढचं चाक बाहेरच्या बाजूला निसटतं. दर वेळी नाही, सहा फेऱ्यांत दोनदा. अंधारात जिन्याची आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं होतं. हँडल हातात असतं, पण त्याला काही अर्थ उरलेला नसतो.

दुसरी तक्रार हातांची. दगड संपेपर्यंत पंज्यांना मुंग्या येतात, ब्रेक नीट धरवत नाही. आणि नेमकं तेव्हाच ते वळण येतं.

आतापर्यंत केलेले उद्योग: टायरमध्ये ३५ पीएसआय (९० च्या सवयीला ३५ म्हणजे फुगाच). फोर्कच्या पायावर वजनाप्रमाणे हवेचा तक्ता चिकटवलेला आहे, त्याप्रमाणे ९५. फोर्कच्या तळाला लाल डायल आहे, तिच्या एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा. मी ती पार कासवाकडे फिरवून ठेवली, कारण उतारावर सावकाश गेलेलं बरं असं वाटलं. हसू नका. शिवाय एका जुन्या स्वाराने सांगितलंय की उतारावर मागे बस, अजून मागे बस. ते इमानेइतबारे करतो. पोट सीटच्याही मागे नेतो.

प्रश्न एवढाच की फोर्क बदलू का? १४० मिमीचा टाकला तर फरक पडेल का?

चिखलगाडी

फोर्क राहू द्या, पुढचा टायर बघा. वापरलेल्या सायकलीचा टायर म्हणजे दुसऱ्याची झिजलेली चप्पल. वळणात जे काम करतात ते कडेचे नॉब, म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे. त्यांच्या धारेवर नख फिरवा. धार नखाला अडली तर ठीक, नख गुळगुळीत घसरलं तर टायर संपला, मधले नॉब कितीही उंच दिसोत. आणि टायरवर दिशेचा बाण असतो, तो उलटा बसवलेला नाही ना तेही बघा. मी स्वतः एक अख्खा मोसम उलटा टायर चालवलाय. कोणी सांगितलं नाही, सगळे मागून हसत होते.

ग्रीसचे_हात

चिखलगाडींचा टायरचा मुद्दा बरोबर, पण नवा टायर आणून त्यातही ३५ भरलेत तर पुन्हा तिथेच पडाल. दुसऱ्या कोपरावर पडलात तर तेवढाच बदल.

क्रम सांगते. आधी टायरची हवा, मग सॅग, मग रिबाउंड, मग हँडल आणि ब्रेकचे लिव्हर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. वही म्हणतेय, डोकं नाही. चौथ्या फेरीनंतर डोकं खोटं बोलायला लागतं.

पण हवेच्याही आधी एक विचारते. हवा कुठल्या पंपाने भरता? रस्त्याच्या सायकलीच्याच उभ्या पंपाने असणार. त्या पंपाचा काटा १६० पर्यंत जातो, आणि २२ ते २८ मधलं अंतर तिथे नखाच्या जाडीएवढंही नसतं. माझं स्वतःचं प्रकरण ऐका. दीड महिना मी माझ्या फोर्कला शिव्या घातल्या. उघडला, तेल बदललं, सील बदलले, नंतर आतले टोकन (हवेची जागा कमी करणारे तुकडे) काढले, परत घातले. वहीत रोज 'पुढे २२' लिहिलेलं. एका सकाळी मैत्रिणीच्या छोट्या गेजने मापलं तर निघाले २९. पंप सात पीएसआय कमी दाखवत होता. म्हणजे दीड महिना मी दगड हातात भरून फिरत होते आणि दोष देत होते फोर्कला. तेव्हापासून पंप कुठलाही असो, मोजणारा गेज एकच. तो थोडा चुकीचा असला तरी चालतो, रोज तेवढाच चुकला म्हणजे झालं.

आता आकडे. ८२ किलो, २.३५, ट्यूब: पुढे २६ ते २७, मागे २९ ते ३० पासून सुरुवात करा. मागे जास्त, कारण वजन मागे जास्त असतं आणि तुमच्या सायकलीला मागे सस्पेन्शन म्हणजे तोच टायर आणि तुमचे गुडघे. टायरच्या कडेवर छापलेली किमान-कमाल मर्यादा आधी वाचा. मग दर फेरीला दोन-दोन पीएसआय कमी करत जा. रिम दगडाला टेकल्याचा 'टक्' आवाज आला, किंवा वळणात टायर लडबडल्यासारखा वाटला, की दोन वर या आणि तिथे थांबा. ट्यूब असताना फार खाली जाता येत नाही, कारण दगड आणि रिमच्या मधे ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पुढेमागे ट्यूबलेस केलंत तर चिमटायला ट्यूबच नसते, मग २२ आणि २५ च्या आसपास चालवता येईल. फक्त आतलं सीलंट (भोकं बुजवणारं द्रव) काही महिन्यांत वाळतं, ते विसरायचं नाही.

कमी हवेने फरक का पडतो? कडक टायर खडीवरून उडत जातो, प्रत्येक खड्याला टणकन आपटतो. नरम टायर खड्याभोवती आपला आकार बदलतो आणि जमिनीला टेकून राहतो. पकड टेकलेल्या रबराची असते, हवेतल्या नाही. हातांच्या मुंग्यांपैकी निम्म्या इथेच जातील, पैज लावते.

आता सॅग. म्हणजे तुम्ही नुसते वर उभे राहिलात की फोर्क किती दबतो ते. १२० मिमीला १५ ते २० टक्के धरा, म्हणजे १८ ते २४ मिमी. तक्ता ही फक्त सुरुवात. तुमची छाती किती पुढे असते हे तक्त्याला काय माहीत? मोजायची पद्धत अशी: फोर्कच्या वरचा लॉकआउटचा (फोर्क दबू न देणारा) खटका पूर्ण उघडा. पिशवी, पाणी, हेल्मेट, सगळं अंगावर घ्या. भिंतीला एक कोपर टेकवा, पेडलवर उभे राहा, उतारावर जसे असता तसे. दोन-तीनदा हलकं दाबून घ्या, म्हणजे सील मोकळे होतील. मग स्थिर राहून कोणाला तरी फोर्कवरची रबरी ओ-रिंग खाली सीलपर्यंत सरकवायला सांगा. आणि मग मांजरीसारखं उतरा. धपकन उतरलात तर ओ-रिंग आणखी वर जाईल आणि आकडा फुकट.

हवा बदलल्यावर फोर्क आठ-दहा वेळा पूर्ण दाबून सोडा, आणि पुन्हा मोजा. आत दोन कप्पे असतात. वरच्यात हवा भरली की थोडी खालच्यात जाते आणि काटा खाली येतो. आणि पंप काढताना जो 'फस्स' होतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा, फोर्कमधल्या नाही. त्या फस्सला घाबरून पाच पीएसआय जास्त भरणारे खूप पाहिलेत.

तुमचं कासव. रिबाउंड म्हणजे दबलेला फोर्क वर यायला किती वेळ घेतो ते, त्याचा तुमच्या वेगाशी संबंध नाही. डायल पार कासवाकडे असेल तर एका दगडाने दबलेला फोर्क वर येण्याआधीच दुसरा दगड येतो, मग तिसरा. दर दगडाला तो आणखी खाली जातो, आणि दगडांच्या पट्टीच्या शेवटी १२० मधले ४० उरलेले असतात. हात कुठे दुखतात म्हणालात? दगडांच्या शेवटी. बघा जुळतंय का. पूर्ण कासवापासून सहा-सात क्लिक सशाकडे या, क्लिक मोजत. अंगणात हँडल जोरात दाबून झटकन सोडा. चाक जमिनीवरून उडालं तर फार जलद, आणि वर येतोय हे डोळ्याला आरामात दिसलं तर फार संथ. हवा कमी केलीत तर रिबाउंड पुन्हा बघावा लागतो, म्हणून हा क्रम.

लिव्हरचं थोडक्यात. बहुतेक सायकलींवर लिव्हर पार मुठीला चिकटवलेले असतात. ते आत सरकवा, म्हणजे एकटी तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळलेल्या भागावर बसेल. डिस्क ब्रेकला एक बोट पुरतं, उरलेली बोटं हँडल धरायला. लिव्हरचा पट्टा फार आवळू नका, पडलात तर लिव्हर फिरायला हवा, मोडायला नको. स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट मात्र त्यावर लिहिलेल्या आकड्यालाच घट्ट करायचे, साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर, चारही सारखे.

१४० चा फोर्क नको. पुढचा भाग वर येईल, हेड अँगल (फोर्कचा कल) बदलेल, बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस) उंच होईल, आणि ही फ्रेम तेवढ्यासाठी बनवलेली आहे की नाही ते वेगळंच.

मुळावर_मूळ

ताईंचा प्रतिसाद छापून गॅरेजमध्ये लावावा असा आहे, पण क्रम मला मान्य नाही. सगळ्यात आधी स्वार, मग हवा.

धागाकर्त्याने शेवटी जाता जाता लिहिलंय ना, 'पोट सीटच्याही मागे नेतो'? आजार तिथेच आहे. पुढच्या चाकाला पकड मिळते ती त्यावर वजन असतं म्हणून. तुम्ही मागे लोंबकळलात की पुढचं चाक हलकं होतं, आणि सुट्या खडीवर हलकं चाक वळवायला गेलात तर ते वळत नाही, तरंगतं. हातही त्यामुळेच दुखतात. मागे गेलं की कोपरं सरळ होतात, अंग हँडलला टांगलेलं राहतं, आणि दगडाचा प्रत्येक दणका ताठ हातातून थेट खांद्यात जातो. दोन तक्रारी, मूळ एकच.

'मागे बस' हे अर्धवट सांगितलेलं आहे. खऱ्या तीव्र उतारावर सायकल तुमच्या खाली पुढे झुकते, तुम्ही पायांवरच असता, बघणाऱ्याला मात्र मागे गेल्यासारखे दिसता. वजन पेडलवर, टाचा थोड्या खाली, कंबरेत वाकून छाती हँडलकडे, कोपरं बाहेर. तपासायची सोपी खूण: चालता चालता बोटं क्षणभर सैल करा. हँडल हातातून सुटतंय असं वाटलं तर फार मागे आहात. तळव्यांवर भार आला तर फार पुढे.

त्यासाठी आधी सीट खाली करा. ड्रॉपर, म्हणजे चालता चालता सीट खालीवर करणारा दांडा, नसेल तर उतार सुरू होण्याआधी थांबून पाच-सहा सेंटिमीटर खाली घ्या. चढाची उंची दांड्यावर चिकटपट्टीने खूण करून ठेवा. सीट उंच असेल तर शरीराला मागे जाण्याशिवाय जागाच नसते, मग स्वाराला बोलून काय उपयोग.

वळणात सायकल झुकवा, स्वतःला नाही. बाहेरचा पाय खाली, त्यावर भार, आतल्या हाताने हँडल खाली दाबायचं. मधले नॉब आणि कडेचे नॉब यांच्यामधे बऱ्याच टायरांना एक मोकळी फट असते. अर्धवट झुकवलं तर तुम्ही नेमके त्या फटीवर उभे असता. घाबरून कमी झुकवणारा म्हणूनच जास्त घसरतो, हे चीड आणणारं आहे पण असंच आहे.

आणि ब्रेक वळणाआधी. वळणात पुढचा ब्रेक धरून ठेवलात तर टायरची पकड थांबण्यात खर्च होते, वळायला काही उरत नाही. ब्रेक वरपासून खालपर्यंत चोळत यायची सवय असेल तर तीही सोडा. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ जी पहिली उतार-शर्यत झाली, तिला 'रीपॅक' नाव पडलं ते ब्रेकमुळेच. जुन्या जाडजूड सायकली, पेडल उलटं दाबून लागणारा, मागच्या चाकाच्या हबमधला (मधल्या तुंब्यातला) ब्रेक, तीन किलोमीटरच्या वर उतार. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या फेरीआधी ते नव्याने भरावं, म्हणजे इंग्रजीत 'रीपॅक' करावं लागायचं. आपल्याकडे डिस्क आहेत म्हणून ग्रीस वाचलं, पण पॅड तापायचे ते तापतातच.

एक विनंती. सराव करताना मागचं चाक लॉक करून त्याच वळणात घसरत राहू नका, आणि पायवाट ओली असेल तर जाऊच नका. चर पडतो, वाळल्यावर तसाच राहतो, आणि मग ते वळण सगळ्यांसाठीच बिघडतं.

ग्रीसचे_हात

मुळावर_मूळ, शरीराचं सगळं कबूल. क्रम नाही. ३५ पीएसआयच्या टायरवर आणि कासवावरच्या फोर्कवर कोणीही मागेच पळेल, अंगाला पुढे जायची भीती वाटते म्हणून. आधी सायकल भरवशाची करा, मग माणूस आपोआप पुढे येतो. पण तुमची बोटं सैल करायची खूण मी चोरतेय.

उशिरा_पेडल

तीन आठवड्यांनी परत आलोय. वही केली. ताई, नमस्कार.

आधी पंप. गेज आणून मापलं. माझे '३५' प्रत्यक्षात ४१ होते. दोन दिवस पंपाशी बोललो नाही.

पहिल्या दिवशी फक्त हवा बदलली. पुढे २४, मागे २८, उत्साहात सांगितल्यापेक्षा कमीच. दुसऱ्या फेरीत दगडांत 'टक्' आणि पुढे सापाची दोन भोकं, अगदी वर्णन केल्याप्रमाणे. पॅच लावून २७ आणि ३० केले. सहा फेऱ्या. वळणात एकदा निसटलं. हातांच्या मुंग्या खरंच निम्म्यावर, पैज तुम्ही जिंकलात.

दुसऱ्या दिवशी फोर्क. तक्त्याच्या ९५ वर सॅग निघाला १३ मिमी. उतरताना पहिल्यांदा धपकन उतरलो म्हणून तो आधी ३१ आला होता आणि मी खूश झालो होतो. पुतण्याला ओ-रिंगवर बसवून, मांजर होऊन पुन्हा मोजला. ७८ पीएसआयवर २२ मिमी. रिबाउंड कासवापासून सात क्लिक. पूर्वी अख्खी फेरी संपल्यावर ओ-रिंग ८४ मिमीवर असायची, आता १०८. म्हणजे इतके दिवस फोर्कची पस्तीसेक मिमी मी नुसती वाहून नेत होतो, आणि त्यावर आणखी २० विकत घ्यायला निघालो होतो. दगडांच्या पट्टीत पहिल्यांदाच खाली न बघता वळणाकडे बघता आलं.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः. हे सगळ्यात अवघड गेलं. सीट खाली घेतली. पहिल्या फेरीत छाती एवढी पुढे नेली की मुळांवर मागचं चाक उचललं गेलं आणि जीव मुठीत आला. दुसऱ्या फेरीपासून बोटांची खूण करत गेलो. चौथ्या फेरीत वळणात सायकल मनापासून झुकवली, बाहेरच्या पायावर उभा राहिलो, आणि पुढचं चाक रुळावर असल्यासारखं फिरलं. थांबून मागे वळून बघितलं, खडीत टायरची रेघ होती, कडेच्या नॉबचे ठसे वेगवेगळे मोजता येत होते. आधीच्या दिवशी तिथे नुसता पुसट फराटा असायचा.

चिखलगाडी, पुढचा टायर तपासला. धार आहे. बाणही सरळ आहे. मागचा मात्र उलटा निघाला.

आता नवा प्रश्न. सहाव्या फेरीत त्याच वळणात मागचं चाक निसटलं. पडलो नाही, पण वेग नक्कीच पूर्वीपेक्षा जास्त होता. शिवाय डाव्या मनगटात, अंगठ्याच्या बुडाशी अजून कळ येते. उजव्यात नाही.

चिखलगाडी

मागचं निसटणं म्हणजे बढती. पुढचं निसटलं की आपण पडतो, मागचं निसटलं की आपण गोष्ट सांगतो. हसणाऱ्यांच्या रांगेत मात्र तुमचं स्वागत, उलट्या टायरचे आता दोघे झालो.

मुळावर_मूळ

सहाव्या फेरीत दमलेले असता, ब्रेक उशिरा लागतो आणि वळणात शिरूनही धरलेला राहतो. मागचं चाक त्यामुळेच. पाच फेऱ्या झाल्या की घरी जा.

ग्रीसचे_हात

मनगट एकाच बाजूचं दुखतंय तर दोन्ही लिव्हर सारख्या कोनात नसणार. पडलात तेव्हा डावा फिरला असेल, पट्टा सैल ठेवायला मीच सांगितलं होतं. सायकल सपाट जागी उभी करून बाजूने, लिव्हरच्या उंचीवरून फोटो काढून टाका. दोन्ही बाजूंचे.